रमाबाई रानडे : एका शिष्येचें चरित्र

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, शाळेंत शिकवितांना एक उद्गार आमच्या कानांवर वारंवार पडतो. हें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं, असा तो उद्गार होय. मुलगे तो काढीत नाहींत असें नाहीं; पण मुलींच्या तोंडीं तो अधिक येतो, आणि जेव्हां तोंडीं येत नाहीं तेव्हां डोळ्यांत दिसतो. प्रश्नाचें उत्तर ठाऊक असूनहि जी मुलगी हात वर करीत नाहीं, निबंध उत्तम लिहूनहि तो वर्गापुढें वाचावयास उठविली असतां जिचा आवाज बसतो, तिला ज्ञान कमी असतें काय? मुळींच नाहीं. तिच्या मनाभोंवतीं एक कुंपण असतें. तें तिनें स्वतः घातलेलें नसतें. घरच्या व दारच्या माणसांनीं, कधीं रागानें, कधीं थट्टेनें आणि पुष्कळदां प्रेमानेंच, एकेक कांटा आणून तें रचिलेलें असतें. पुढें पुढें तर तें बाहेरून आलेलें आहे हेंच ती विसरते, आणि आपला जन्मच इतक्या जागेपुरता आहे असें समजून चालते.

हें कुंपण निघतें कसें? तें काढणारा कोण असावा, व त्यानें तें कोणत्या रीतीनें काढावें? या प्रश्नांचा विचार करितांना आमच्या मनापुढें नेहमीं एकच मूर्ति उभी राहते. ती पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांची होय. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु एक शिष्या या नात्यानें त्यांच्या आयुष्याकडे पाहिलें म्हणजे जें दिसतें, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांतील देवराष्ट्रें या गांवीं, कुर्लेकरांच्या घराण्यांत झाला. हें गांव आतां सांगली जिल्ह्यांत मोडतें. त्यांचें माहेरचें नांव यमुना. घर जुन्या वळणाचें होतें. मुलीनें मोठ्यांचा मान राखावा, स्वयंपाकपाणी शिकावें, व्रतवैकल्यें पाळावींत, हें तेथें तिला प्रेमानें शिकविण्यांत आलें. अक्षरओळख मात्र तिला कोणीं करून दिली नाहीं. मुलींस शिकविण्याची त्या घरांत चालच नव्हती. त्या काळीं पुष्कळ घरांतून अशी समजूत पक्की बसलेली होती कीं, बाईमाणसानें हातीं लेखणी धरिली तर तिला वैधव्य येतें. ही समजूत किती खोटी आहे हें आज तुम्हांस सांगावयास नको. पण जी मुलगी पाळण्यांत असल्यापासून असल्या गोष्टी ऐकत वाढते, तिला त्या खोट्या कशा वाटाव्या? आपल्या शिकण्यानें नवऱ्याचा जीव धोक्यांत येतो, असें ज्या मुलीस वाटतें, तिच्या हातीं पाटी देणें सोपें नव्हे.

१८७३ च्या डिसेंबर महिन्यांत यमुनेचें लग्न झालें आणि ती पुण्यास रानड्यांच्या घरीं रमा होऊन आली. तिचें वय तेव्हां अकरा वर्षांचें होतें, आणि माधवरावांचें एकतीस. येथें एक गोष्ट आम्हांस झांकून ठेवावीशी वाटत नाहीं. माधवरावांची पहिली पत्नी त्याच वर्षीं वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. आतां ते स्वतः एखाद्या विधवेशीं लग्न करून जगास उदाहरण घालून देतील, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांस हीच भीति वाटत होती, म्हणून त्यांनीं घाईघाईनें ही सोयरीक जमविली. माधवरावांनीं विरोध केला, पण अखेर वडिलांचें मन मोडण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं. त्यांजवर टीका झाली आणि ती अगदींच अन्यायाची होती असें म्हणतां येणार नाहीं. जाणती झालेली, आपली संमति देऊं शकणारी मुलगी ही नव्हती. आजच्या कायद्यानें तर असा विवाह गुन्हा ठरतो. थोर पुरुषाच्या चरित्रांतहि उणें असतें. मात्र त्या उण्याची भरपाई माधवरावांनीं कशी आरंभिली, तें पाहण्यासारखें आहे.

लग्न आटोपल्यावर पहिल्याच रात्रीं त्यांनीं त्या घाबरलेल्या मुलीस जवळ बसवून तिच्या माहेरची चौकशी केली, तिला आपलें नांव ठाऊक आहे कीं नाहीं तें विचारिलें, आणि लिहितांवाचतां येतें काय असा प्रश्न केला. येत नाहीं असें कळतांच त्यांनीं पाटीपेन्सिल आणून त्याच रात्रीं तिला धडा दिला. श्रीगणेशाय नमः हीं सात अक्षरें गिरवावयास तिला सुमारें दोन तास लागले.

मुलांनो, या दोन तासांचा थोडा विचार करा. माधवराव हे त्या काळच्या विश्वविद्यालयाच्या अगदीं पहिल्या पदवीधरांपैकीं एक. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा यांवर त्यांचा अधिकार. दिवसभर कचेरींत न्यायदान करून आलेला तो विद्वान पुरुष रात्रीं दोन तास एका खेडवळ मुलीजवळ बसतो व ती सात अक्षरें गिरवीपर्यंत उठत नाहीं. तो तिला तिच्या अज्ञानाबद्दल हंसत नाहीं, किंवा स्त्रीशिक्षणाच्या महत्त्वावर व्याख्यान देत नाहीं. वैधव्याची समजूत खोटी आहे, असें तो तिला वाद घालून पटवीत बसला असता, तर ती मुलगी भीतीनें अधिकच गप्प झाली असती. त्यानें तिच्या हातीं पेन्सिल दिली. अक्षरें पाटीवर उमटलीं, रात्र सरली, सकाळ झाली, आणि कोणाचें कांहीं वाईट झालें नाहीं. खोट्या समजुतीस याहून चांगलें उत्तर कोणतें असूं शकेल?

पुढें रोज रात्रीं हा क्रम चालूं लागला. बाराखडी झाली, जोडाक्षरें झालीं, मराठी पुस्तकें झालीं. दिवसां शिकविण्यासाठीं ट्रेनिंग कॉलेजांतील एक बाई ठेविण्यांत आल्या. यथाकाळीं इंग्रजीहि सुरूं झालें. परंतु हें शिक्षण निर्वेध चालले असेल असें मात्र समजूं नका. रानड्यांचें कुटुंब मोठें होतें. घरांत सासू, नणंद, आत्या-मावश्या अशा पुष्कळ वडील बायका होत्या. नवी सून रात्रीं माडीवर नवऱ्याजवळ बसून धडे मोठ्यानें म्हणते, ही गोष्ट त्यांस निर्लज्जपणाची वाटे. माधवरावांस बोलण्याची कोणाची छाती नव्हती. म्हणून सगळा राग या मुलीवर निघे. कोणी टोमणे मारी, कोणी अबोला धरी, तर कोणी मायेचा आव आणून, नवरा म्हणतो म्हणून तूं लगेच ऐकूं नये, असा उपदेश करी. रमाबाई हें सारें ऐकून घेत; माडीवर जाऊन गाऱ्हाणें सांगणेंहि त्यांस आवडत नसे.

या वडील बायका दुष्ट होत्या असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येकींचें आयुष्य वैधव्यांत आणि चुलीपुढें गेलें होतें. जें आपल्यास कोणीं दिलें नाहीं तें कालची आलेली पोर घेते, हें पाहून मनांत काय काय उठलें असेल! ज्यांस स्वतःस कुंपणांत राहावें लागलें, तींच माणसें पुष्कळदां कुंपणाचीं राखणदार होतात. आपल्या ओळखीच्या घरांत डोकावून पाहिलें तर याची सत्यता पटेल.

१८७८ सालीं माधवरावांची बदली नाशिकास झाली. रमाबाईंचें वय तेव्हां सोळा वर्षांचें होतें. तेथें घरांत वडील बायका नव्हत्या. संसाराचा भार त्यांजवर पडला आणि मोकळेपणाहि मिळाला. माधवरावांनीं त्यांजकडे घरखर्च सोंपविला व हिशेब ठेवावयास लाविलें. पैशाचा व्यवहार बायकांस कळत नाहीं, हीहि एक जुनी समजूतच. तीवरचा उपायहि तोच, म्हणजे प्रत्यक्ष वही हातीं देणें. नाशिकास लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख हे त्या वेळीं न्यायखात्यांत मोठ्या हुद्यावर होते. त्यांच्या व माधवरावांच्या उत्तेजनानें तेथें बायकांचीं संमेलनें होऊं लागलीं, व मुलींच्या शाळेचा बक्षिससमारंभ झाला. या समारंभांत रमाबाई पहिल्यानें चारचौघांपुढें उभ्या राहिल्या. भाषण माधवरावांनींच लिहून दिलें होतें. रमाबाईंस तें फक्त म्हणावयाचें होतें. कोणी म्हणेल, यांत त्यांचें स्वतःचें काय? आम्ही म्हणतों, पोहावयास शिकणाऱ्याच्या कमरेस प्रथम भोपळा बांधावाच लागतो. भोपळा कोणाचा, हा प्रश्न नव्हे. पाण्यांत कोण उतरलें, हा प्रश्न आहे.

पुढें धुळें, मुंबई असा मुक्काम करून मंडळी पुन्हा पुण्यास आली. १८८२ सालीं पुण्यांत पंडिता रमाबाईंचें आगमन झालें. संस्कृत पुराणें मुखोद्गत असलेली, सभेंत विद्वान् पुरुषांशीं निर्भयपणें बोलणारी ही तरुण विधवा पाहून सर्व शहर चकित झालें. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या सभांस आमच्या रमाबाई नेमानें जाऊं लागल्या. दोघींचें नांव एक, वयांत अंतर थोडें. रमाबाईंस जें माधवराव तोंडानें सांगून दाखवूं शकत नव्हते, तें या बाईंच्या नुसत्या दर्शनानें दिसलें. स्त्री असून असें बोलतां येतें, ही गोष्ट पुरुषानें शंभरदां सांगितली तरी अर्धीच पटते. ती बोलणारी स्त्री एकदां डोळ्यांनीं पाहिली म्हणजे पुरती पटते. याच सुमारास मिस हर्फर्ड या इंग्रज बाईंजवळ रमाबाई इंग्रजी शिकूं लागल्या. सोंवळ्याच्या घरांत परधर्मी बाई शिकवावयास येते, म्हणून वडील बायकांस नवें दुःख झालें. पण धडे बंद पडले नाहींत.

पुण्यांत मुलींसाठीं हायस्कूल असावें अशी चळवळ माधवराव, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर इत्यादि मंडळींनीं त्या वेळीं चालविली होती. १८८४ सालीं हें हायस्कूल स्थापन झालें. हुजूरपागेची शाळा म्हणून तें पुढें प्रसिद्धीस आलें, व मिस हर्फर्ड याच तिच्या पहिल्या मुख्य बाई झाल्या. या शाळेच्या मागणीसाठीं भरलेल्या जाहीर सभेंत गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनीं इंग्रजींत निवेदन वाचून दाखविलें. दहा वर्षांपूर्वीं जिला सात अक्षरें गिरवावयास दोन तास लागले होते, ती आतां परक्या भाषेंत प्रांताच्या अधिपतीपुढें बोलली. सभेंत टाळ्या झाल्या, पण घरीं निराळेंच वादळ उठलें. कुलवंताच्या सुनेनें पुरुषांच्या सभेंत, तेंहि इंग्रजींत, तोंड उघडावें, ही गोष्ट वडील बायकांस असह्य झाली. त्यांनीं रमाबाईंस नाहीं नाहीं तें ऐकविलें. रमाबाई रडल्या, पण उलट उत्तर त्यांनीं दिलें नाहीं, आणि सभांस जाणेंहि सोडलें नाहीं. ज्यानें त्यांस पुढें ढकललें तो गुरु त्यांचें रडणें पाहून डगमगला नाहीं. त्यानें त्यांस घरच्यांशीं भांडावयास शिकविलें नाहीं, तसेंच माघार घ्यावयासहि सांगितलें नाहीं. सोसावें, आणि आपलें काम सोडूं नये, असें त्यांचें सांगणें असे.

माधवरावांच्या शिकविण्यांत आणखी एक विशेष होता. शिष्येस शिकवितां शिकवितां ते स्वतः शिकत. १८८६ सालीं सरकारी कमिटीच्या कामानिमित्त त्यांचें कलकत्त्यास राहणें झालें. तेथें त्यांनीं बंगाली पुस्तकें विकत आणून ती भाषा स्वतः शिकण्यास व रमाबाईंस शिकविण्यास प्रारंभ केला. एके दिवशीं रमाबाई पाहतात तों न्हावी हजामत करीत आहे आणि माधवराव हातांत पुस्तक घेऊन अडलेले बंगाली शब्द त्यासच विचारीत आहेत! रमाबाईंस हंसूं आलें, व न्हाव्यास गुरु केल्याबद्दल त्यांनीं थट्टा केली. तेव्हां माधवरावांनीं त्यांस दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण दिली. ज्यानें पशुपक्ष्यांसहि गुरु केलें, त्याच्या देशांत न्हाव्यापासून चार शब्द शिकावयास लाज कसली? ज्याला स्वतःचें अज्ञान उघडें करण्याची लाज वाटत नाहीं, त्याच्याजवळ शिकणाऱ्यासहि आपल्या अज्ञानाची लाज वाटेनाशी होते. आम्हां शिक्षकांस तर ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

१८९३ मध्यें माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले व बिऱ्हाड मुंबईस गेलें. त्यांची दृष्टि पूर्वींपासूनच अधू होती. वर्तमानपत्रें, पत्रें, पुस्तकें रमाबाई त्यांस वाचून दाखवीत. अशा रीतीनें शिष्या ही गुरूचे डोळे झाली. पण या सुखाचा अंत जवळ आला होता. १९०१ च्या जानेवारीची १६ तारीख. त्या दिवशीं माधवराव निवर्तले. रमाबाईंचें वय सुमारें एकोणचाळीस वर्षांचें. पोटीं मूल नाहीं. ज्या एका माणसाच्या इच्छेनें त्या शिकल्या, उभ्या राहिल्या, बोलल्या, तें माणूसच गेलें.

येथें त्यांच्या चरित्राचा खरा प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मतें हें चरित्र वाचण्याचें प्रयोजनहि हेंच आहे. रमाबाईंनीं आजवर जें केलें तें पतीची आज्ञा म्हणून केलें होतें. वडील बायकांचें ऐकावें कीं नवऱ्याचें, एवढीच निवड त्यांस करावयाची होती. आपल्यास स्वतःला काय हवें, हें त्यांस कोणीं विचारिलें होतें काय? एका आज्ञेच्या जागीं दुसरी आज्ञा आली, तर तें स्वातंत्र्य नव्हे. आधार काढून घेतल्यावर वेल जमिनीवर पडते, रोप मात्र उभें राहतें. सत्तावीस वर्षांच्या शिकवणीनें वेल वाढविली होती कीं रोप?

सुमारें वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहींत. मुंबई सोडून त्या पुण्यास आपल्या वाड्यांत येऊन राहिल्या. विधवेनें कोपऱ्यांत बसावें, हीच तेव्हांची रीत. ती पाळून त्यांनीं उरलेलें आयुष्य जपजाप्यांत घालविलें असतें तर कोणींहि नांव ठेविलें नसतें. उलट स्तुतीच केली असती. परंतु त्या उठल्या. त्यांनीं प्रथम माधवरावांचीं धर्मपर व्याख्यानें एकत्र करून छापविलीं. मग येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्रीकैद्यांकडे त्या जाऊं लागल्या. त्यांच्याजवळ बसून त्यांचें ऐकावें, त्यांस धीर द्यावा, चार चांगल्या गोष्टी सांगाव्या, असा क्रम त्यांनीं ठेविला. इस्पितळांतील आजाऱ्यांचीहि त्या विचारपूस करीत. १९०४ सालीं मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. या वेळीं भाषण लिहून देणारा कोणी नव्हता. भोपळा सुटला होता, आणि त्या पोहत होत्या.

१९०८ मध्यें बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढलें, त्याच्या अध्यक्षा रमाबाई झाल्या. पुढल्याच वर्षीं, १९०९ सालीं, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्यानें पुण्यास सेवासदन सुरूं झालें. त्याचा आरंभ रमाबाईंच्या राहत्या वाड्यांतच झाला. वाचन, लेखन, शिवण, जखमांवरील प्रथमोपचार अशा वर्गांस प्रौढ बायका येऊं लागल्या. कोणी लहानपणींच विधवा झालेली, कोणी नवऱ्यानें टाकलेली, कोणी चांगल्या घरची पण अक्षरशून्य. आपलें वय झालें, आपली बुद्धि जड, आपल्या नशिबींच नाहीं, अशीं कारणें या बायकांपाशीं भरपूर असणार. पण तीं सांगावयाचीं कोणापुढें? समोर बसलेल्या बाईंनीं तीं सारीं स्वतः अनुभविलेलीं होतीं. अकराव्या वर्षीं ज्या पाटीस हात लावावयास भ्याल्या, त्याच आतां दुसरीच्या हातीं पाटी देत होत्या. नाशिकास त्यांजसाठीं जें माधवरावांनीं केलें, तें आतां शेंकडों जणींसाठीं त्या करूं लागल्या.

रमाबाईंची राहणी अत्यंत साधी, जुन्या वळणाची होती. आपले धर्माचार त्यांनीं सोडले नाहींत. यामुळें कडवे सुधारक त्यांजवर कधीं कधीं नाराज होत; पण यामुळेंच जुन्या घरांचे दरवाजे त्यांस उघडले जात. ज्या घरांतील सासूबाईंनीं इतर कोणावर विश्वास ठेविला नसता, त्यांनीं रमाबाईंच्या हवालीं आपल्या सुना आणि लेकी केल्या. सर्वांत बिकट काम परिचारिकांचें. उच्च म्हणविणाऱ्या घरांतील बाईनें परक्या पुरुषांची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच त्या वेळीं लोकांस किळसवाणी वाटे. तरी सेवासदनाच्या स्त्रिया पुण्याच्या ससून इस्पितळांत हें शिक्षण घेऊं लागल्या. शिक्षिका तयार करण्याचें कामहि संस्थेनें अंगावर घेतलें. जी विधवा काल घरांत अपशकुनी म्हणून तोंड लपवीत होती, ती आतां आजाऱ्याच्या उशाशीं किंवा वर्गांतल्या फळ्यापुढें उभी राहून आपली भाकर कमावूं लागली. १९२४ सालीं रमाबाई वारल्या, तेव्हां पुण्याच्या सेवासदनांत हजारावर स्त्रिया शिक्षण घेत होत्या.

आणखी दोन गोष्टींचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पहिली, त्यांचें पुस्तक. १९१० सालीं त्यांनीं आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. त्यांत आपली फजिती, आपलें भय, आपले रुसवे त्यांनीं निष्कपटपणें लिहिले आहेत. नांव आपल्या पतीचें मोठें करावें हा त्यांचा हेतु. पण वाचणारास त्या पानांत लिहिणारी बाईच अधिक भेटते. दुसरी गोष्ट, त्यांचें अखेरच्या वर्षांतलें धैर्य. १९२० च्या सुमारास पुणें नगरपालिकेंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. पैशाच्या अडचणीस्तव सक्ती मुलांपुरतीच असावी, मुलींचें मागाहून पाहूं, असा एक मोठा पक्ष होता. त्याविरुद्ध पुण्यांतल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांच्या अग्रभागीं साठीच्या घरांतील रमाबाई होत्या. स्त्रियांस मताधिकार मिळावा यासाठींहि त्यांनीं खटपट केली, व १९२१ सालीं मुंबई कायदेमंडळानें तो हक्क मान्य केला. ही चळवळ करावयास त्यांस आज्ञा कोणाची होती? कोणाचीच नाहीं. आमच्या मघांच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. १९६२ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या नांवें टपालाचें तिकीट काढलें; पण त्यांचें खरें स्मारक त्या रस्त्यावरून चाललेल्या बायकांच्या पावलांत आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां या चरित्रापासून घ्यावयाचें काय? मुलींनो, पहिली गोष्ट ही कीं, अमुक आपल्यास येत नाहीं आणि अमुक आपल्यास येणारच नाहीं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली खरी असूं शकते. दुसरी कोणीतरी तुम्हांस सांगितलेली असते. गणिताची किंवा व्याकरणाची भीति वाटली म्हणजे त्या दोन तासांची व सात अक्षरांची आठवण करा, आणि आजचीं सात अक्षरें आज गिरवा. मुलांनो, तुम्हांसहि येथें काम आहे. तुमची बहीण सभेंत बोलावयास भीत असेल तर तिची नक्कल करून हंसूं नका. तिचें भाषण ऐकावयास समोर बसा.

आणि पालकहो, तुम्हांस एक नम्र विनंति. मुलगी शाळेंत सहा तास असते, घरीं अठरा तास. आम्हीं येथें एक कांटा उपटावा आणि सायंकाळीं घरीं दोन रोंवले जावेत, असें झालें तर कुंपण कधींच निघावयाचें नाहीं. हें मुलीच्या जातीस कशाला हवें, एवढें एक वाक्य सहज बोलतां बोलतां तोंडून निसटतें. आपण तें विसरून जातों, पण ती विसरत नाहीं. आमच्याहि घरीं हें वाक्य आमच्या तोंडून गेलें आहे, आणि आमच्याच मुलीनें पुढें तें आमच्यापुढें परत म्हणून दाखविलें, तेव्हां आमची मान खालीं गेली. म्हणून दुसऱ्यास उपदेश करावयास नव्हे, तर स्वतःस बजावण्यासाठींहि आम्हीं हें लिहिलें. माधवरावांची विद्वत्ता आपणांपैकीं थोड्यांजवळ असेल. पण रोज रात्रीं दिव्यापाशीं, मुलीजवळ, न हंसतां न रागावतां अर्धा तास बसणें, हें विद्वत्तेचें काम नाहीं. तें आपणांपैकीं प्रत्येकास आज रात्रींपासून करितां येण्यासारखें आहे.